घरातील केर : दोन डबे आणि एक पिशवी

महोत्सवाच्या स्मरणिकेत केरकचऱ्यावर लेख पाहून काही वडीलधारे सभासद भुवया उंचावतील. तथापि नांदेड, परभणी, लातूर, सोलापूर, पुणे अशा ठिकाणांहून नोकरीधंद्यानिमित्त बरकतपुऱ्यात राहावयास येणारी कुटुंबे पहिल्याच आठवड्यात जे प्रश्न विचारतात, त्यांत शाळा आणि दूध यांच्या पाठोपाठ हा प्रश्न असतोच : "इथे कचरा टाकायचा कुठे?" शेजाऱ्यांना नीट उत्तर देता येत नाही, आणि मग रात्री काळोखात एक पिशवी कोपऱ्यावर जाऊन पडते. पहाटेपर्यंत कुत्र्यांनी ती फाडलेली असते. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडला आहे.

प्रथम हे समजून घ्यावे, की नवा मनुष्य ज्या कचराकुंडीचा शोध घेतो ती बहुतेक गल्ल्यांतून मुद्दामच काढून टाकण्यात आली आहे. कुंडी असली की तिच्याभोवती घाण साचते, गाई-कुत्री जमतात आणि कुंडीत पडते त्याहून अधिक कुंडीबाहेर पडते, हा सर्वच शहरांचा अनुभव. हैदराबादेत २०१५ च्या नोव्हेंबरात 'स्वच्छ ऑटो' सुरू झाले. सुमारे दोन हजार ऑटो घरोघर फिरून केर गोळा करतील अशी ती योजना होती, आणि त्याच सुमारास शहरातील सुमारे २२ लक्ष घरांना प्रत्येकी दोन असे डबे वाटण्यात आले, एक हिरवा व एक निळा. ऑटो चालविणाऱ्यांस ही वाहने कर्जाऊ, पण स्वतःच्या मालकीची म्हणून देण्यात आली. घरोघरची दरमहाची ठराविक रक्कम आणि विकता येण्याजोग्या सुक्या मालाचे चार पैसे, ह्यांवर त्यांचा संसार चालावा अशी कल्पना होती. यास्तव ऑटो सकाळी दाराशी येईल तेव्हाच केर हाती द्यावा, हा येथील पहिला नियम. वेळ चुकली तर डबा घरातच ठेवावा. कोपऱ्यावर नेऊन ठेवलेली पिशवी कोणाच्याही कामाच्या हिशेबात धरलेली नसते.

ऑटोवाल्याचे बोलणे नवागतास समजत नाही, सबब दोन तेलुगू शब्द पाठ करून ठेवावेत. 'तडि चेत्त' म्हणजे ओला कचरा, 'पोडि चेत्त' म्हणजे सुका. शेजारची दखनी बोलणारी मंडळी 'गीला' आणि 'सूखा' म्हणतील. ओल्याचा डबा हिरवा, सुक्याचा निळा.

आता ओले कशास म्हणावे? ओले म्हणजे पाण्याने भिजलेले, असा समज करून घेतल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. खरी कसोटी कुजण्याची आहे. जे मातीत घातले असता काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत माती होते ते ओले : भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळे अन्न, अंड्यांची टरफले, निर्माल्य. निर्माल्यातील दोरा, जर आणि प्लास्टिकची पिशवी मात्र आधी काढावी. कांद्याची साल हाताला कोरडी लागली तरी ती ओल्यातच जाते, आणि ताकाची रिकामी पिशवी ओली असली तरी ती सुक्यातली. नारळाची करवंटी कुजावयास फार काळ लागतो, तेव्हा तिचे काय करावे हे आपल्या ऑटोवाल्यास विचारून ठेवलेले बरे.

सुक्या डब्याची अट एकच, की त्यात उष्टे-खरकटे नसावे. दुधाची पिशवी पाण्याने विसळून, निथळून टाकावी. येथे गृहिणींना एक बारीक गोष्ट सुचवावीशी वाटते. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पुरता वेगळा करू नये, टोकाशी चिकटलेला राहू द्यावा. पिशवी कारखान्यात जाऊन तिचे पुन्हा प्लास्टिक होते, पण तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही. तो गटारात जातो. वर्तमानपत्रे, पुठ्ठे, बाटल्या आणि पत्र्याचे डबे तर आपण रद्दीवाल्यास पिढ्यान्‌पिढ्या देत आलोच आहोत. ती चाल मोडू नये. रद्दीवाल्याच्या तराजूत जे चढते ते कचरा नसतेच.

दोन्ही डब्यांत न बसणारी तिसरी जात आहे, आणि तिच्याविषयीच सर्वांत अधिक हयगय होते. संपलेले सेल, फुटलेली ट्यूबलाइट, जुनी औषधे, इंजेक्शनच्या सुया, रंगाचे व कीटकनाशकांचे डबे ही एक बाजू. बाळाचे डायपर आणि सॅनिटरी पॅड ही दुसरी. ह्यांस वेगळी पिशवी हवी. पॅड व डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करण्याची पद्धत पुण्याच्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेने लोकांपुढे मांडली. ती आपणही उचलावी. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर 'काच' असे लिहावे, आणि शिवाय देताना तोंडाने सांगावे, कारण घेणाऱ्यास मराठी अक्षरे वाचता येतीलच असे नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत कचऱ्याचे ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग होते. जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांत ते चार झाले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख.

कोणी विचारील, की आपण वेगळे करून दिले तरी ऑटोत सगळे एकत्रच होते, मग हा खटाटोप कशास? कित्येकदा तसे होतेही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घरून मिसळून गेलेले पुढे कोणालाही नीट वेगळे करता येत नाही. वरणात भिजलेला कागद पुन्हा कागद होत नाही, आणि ब्लेडचे पाते पडलेले खत शेतकरी घेत नाही. शिवाय हे वेगळे करण्याचे काम अखेर कोणाच्या तरी हातांनी व्हायचे असते. ऑटोमागे उभ्या असलेल्या बाईचे हात आपल्या पिशवीत जातात, आणि त्या हातांत मोजे असतातच असे नाही. केर उपसण्याचे काम आपल्या समाजाने शतकानुशतके ठराविक जातींच्या माथी मारले. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाआधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत, त्यांत ह्या रूढीला उत्तर होतेच. आज आपल्याकडून खराट्याचीही अपेक्षा नाही, दोन डबे वेगळे ठेवण्याचीच आहे.

गावाकडचा उकिरडा पुष्कळांना आठवत असेल. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते अशी आपल्याकडे म्हणच आहे. शेण, राख, पालापाचोळा, उष्टे असे सारेच मातीत मिसळणारे असल्यामुळे तो उकिरडा वर्षाअखेर शेतात जाई. शहराच्या ढिगाची गोष्ट निराळी. प्लास्टिकने बांधलेल्या पिशवीत भाजीला हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना मिथेन वायू तयार होतो, तो पेट घेतो. काळे पाणी झिरपून खाली विहिरींपर्यंत पोहोचते.

आपला केर संकलन केंद्रांतून मोठ्या वाहनांत भरून शहराच्या ईशान्येस जवाहरनगरला जातो. तेथील जुना ढीग वर्षानुवर्षे मिसळलेल्या कचऱ्याने वाढला. दुर्गंधी आणि नासलेले भूजल ह्यांविषयी भोवतालच्या वस्त्यांनी तक्रारी केल्या, न्यायाधिकरणापर्यंत प्रकरणे गेली, आणि पुढे तो ढीग आवरण घालून झाकण्यात आला. २०२० साली तेथे कचऱ्यापासून वीज करण्याचा १९·८ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. पण भट्टीत ओले गेले की उष्णता पाणी आटविण्यातच खर्ची पडते, हे चुलीत ओली लाकडे घातलेल्या कोणाही बाईस सांगावयास नको.

वेगळे केलेल्या ओल्याचे काय होऊ शकते, याचे उदाहरण शहरातच आहे. बोयनपल्लीच्या भाजी बाजारात रोज निघणाऱ्या सुमारे १० टन नासक्या भाजीपासून गॅस, त्यापासून दिवसाकाठी सुमारे ५०० युनिट वीज, आणि शिवाय बाजारातील उपाहारगृहाच्या स्वयंपाकाला इंधन मिळते, अशी माहिती २०२१ च्या आरंभी देशभर प्रसिद्ध झाली. हे साधले, कारण भाजी बाजारात केर मुळातच एका जातीचा असतो.

ह्या शहरास स्वच्छतेचा विचार नवा नाही. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांस बोलावून पूरनियंत्रणाची व गटारांची योजना करविण्यात आली, आणि १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. चादरघाट व हैदराबाद ह्या दोन नगरपालिका १९३३ साली एक झाल्या. असो.

सदनिकांत राहणाऱ्यांस आणखी एक सूचना. तेथे केर बहुधा वॉचमनच्या घरची मंडळी मजल्यामजल्यांवरून एकाच पिंपात गोळा करतात. अठरा बिऱ्हाडांनी वेगळा ठेवलेला केर त्या पिंपात पाच मिनिटांत एक होतो. ह्यात त्यांस दोष देऊ नये. सोसायटीने दुसरे पिंप विकत आणून द्यावे आणि दोन्हींवर हिरवा व निळा रंग लावावा.

आता सण-समारंभांविषयी. हळदीकुंकू असो, गणेशोत्सवातला महाप्रसाद असो की मुंज, शंभर पानांच्या पंक्तीत घरच्या कित्येक दिवसांचा केर एका दुपारी निघतो. २०१६ च्या नियमांनुसार परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमणार असतील, तर कामाचे तीन दिवस आधी नगरपालिकेस कळवावे लागे आणि केर जागेवरच वेगळा करावा लागे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचे थर्मोकोल ह्यांवर देशभर बंदी आहे. पळसाची पत्रावळ त्याहून स्वस्त पडते की नाही हे दुकानागणिक बदलेल, पण ती उष्ट्यासकट हिरव्या पिंपात टाकता येते, आणि पंक्ती उठल्यावर वाढप्यांचे निम्मे काम तेथेच संपते. पाण्यासाठी पितळी वा स्टीलची भांडी घरोघरून मागून आणावीत आणि परत करताना चूक होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी नाव आहे ना, हे आधीच पाहावे.