कपडे हवेसाठी नाहीत, पाण्यासाठी!

‘‘अगं, बाहेर एवढं लख्ख ऊन पडलंय आणि तू हे अंतराळवीरासारखं काय चढवतेयस अंगात?’’

लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा डिसेंबरातल्या एका सकाळी मी तिला हा प्रश्न विचारला. ती राहते मेरीलँड राज्यात, अ‍ॅनापोलिस गावाजवळ. घरापासून दहा मिनिटांवर सेव्हर्न नदी आहे. ही नदी पुढे चेसापीकच्या उपसागराला मिळते, त्यामुळे तिला भरती-ओहोटी असते. आमच्या दापोलीकडच्या खाड्यांची आठवण यावी असंच पाणी. फरक एवढाच, की आमच्या खाडीत उतरलं की घाम धुऊन निघतो आणि तिथल्या पाण्यात हिवाळ्यात उतरलं तर जीव जाऊ शकतो.

माझ्या लेकीला मासेमारीचं वेड आहे. आमच्या घरात मासे खाण्याचं वेड पिढीजात. पण पकडण्याचं हिनेच आणलं! तेही कयाकमधून. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं हातात घ्यायचं, पाय समोर लांब करून बसायचं, आणि गळ टाकायचा. थंडीत मोठ्या होड्या किनाऱ्याला लागतात, गर्दी नसते. आणि पिकरेल नावाचा लांबोडक्या तोंडाचा, दातेरी मासा या दिवसांत खाडीच्या आतल्या शांत फाट्यांमध्ये हमखास मिळतो. म्हणून बाईसाहेबांचा खरा मोसम हिवाळा.

त्या दिवशी हवेत पंधरा अंश तापमान होतं. आपल्याकडे महाबळेश्वरला सकाळी असावं तेवढंच. मी स्वेटर-शालीत मजेत होते. म्हटलं, हिला एवढा बंदोबस्त कशाला? तर ती म्हणाली, ‘‘आई, हवा पंधरा आहे, पण पाणी सहा आहे. कपडे हवेसाठी घालायचे नसतात, पाण्यासाठी घालायचे असतात.’’

आणि मग चहा घेता घेता तिने जे सांगितलं, ते ऐकून माझा कप हातातच राहिला.

आईपासून लपवलेली गोष्ट

दोन वर्षांपूर्वी असाच उन्हाचा दिवस होता. अंगात जीन्स, सुती बनियन, वर जाड सुती स्वेटशर्ट आणि जाकीट. लाइफ जॅकेट मात्र घातलं होतं, हे नशीब. मासा जाळीत घेताना ती एका बाजूला जरा जास्त वाकली आणि होडी उलटली. किनारा शंभर फुटांवरही नव्हता. पोहायला तर तिला मी सहाव्या वर्षीच विहिरीत शिकवलेलं.

‘‘पण आई, पोहायचं सुचलंच नाही. पाण्यात पडल्याबरोबर श्वास असा जोरात आत ओढला गेला, की बाहेर सोडताच येईना. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. मग होडीची दोरी धरायला गेले तर बोटं मिटेनात.’’ जवळच गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला ओढून काठावर आणलं.

‘‘हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं असतं तर झोपली असतीस का?’’

खरं होतं. पण मी म्हटलं, आता सांगितलंयस ना, मग सगळं नीट समजावून सांग. त्या आठवड्यात मी जे शिकले ते आज तुम्हाला सांगतेय. कारण मैत्रिणींनो, आता आपल्यातल्या कितीजणींची मुलं अशा थंड देशांत आहेत. फोनवर आपण ‘स्वेटर घाल हं’ म्हणतो. पण कुठला स्वेटर?

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाशी निगडित असलेले गॉर्डन गिझब्रेश्त नावाचे एक संशोधक आहेत. थंड पाण्यात माणसाचं काय होतं हे त्यांनी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून अभ्यासलं. त्यांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे : एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी. त्या मिनिटात तोंड पाण्याखाली असेल तर संपलं, म्हणून लाइफ जॅकेट आधी. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, काय करायचं ते तेवढ्यात. आणि शरीर आतून गार होऊन शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे माणूस गारठून मरतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेकदा तो त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही मिनिटांतच बुडतो.

दहा मिनिटांची गोष्ट मला पटेना. तेव्हा लेकीने एका भांड्यात बर्फाचं पाणी घेतलं आणि माझा हात त्यात बुडवायला सांगितला. कसाबसा काही मिनिटं ठेवला. मग म्हणाली, ‘‘आता सुईत दोरा ओव.’’ चाळीस वर्षं शिवणकाम करणारी मी, पण मला सुई चिमटीत धरता येईना! बोटं माझी होती, पण ऐकत नव्हती. त्यात लाइफ जॅकेटचा पट्टा कोण लावणार, आणि उलटी होडी कोण सुलटी करणार? तेव्हा जे काही बांधायचं, लावायचं, ते पाण्यात जाण्याआधीच.

सुती कपडा इथे वैरी

आपल्याला सुती कपड्याचं केवढं कौतुक! घाम टिपतो, अंगाला बरा लागतो. पण नेमका तोच गुण इथे अवगुण ठरतो. सुती कपडा पाणी पितो आणि धरून ठेवतो. कपड्याची ऊब म्हणजे तरी काय, धाग्यांमध्ये अडकलेली हवा. तिची जागा पाण्याने घेतली की ऊब गेली. आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून जीन्स, सुती बनियन, सुती मोजे, सगळं बाद.

त्याऐवजी अंगालगत पातळ लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा घट्ट कपडा. मेरिनो मेंढीची लोकर मऊ असते, टोचत नाही. त्यावर फ्लीस, म्हणजे तो केसाळ, हलका कपडा. जास्त थंडी असेल तर फ्लीसचे दोन थर. एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण वल्हवताना घाम आला तर एक काढता येतो.

लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. हे ऐकून मी हसलेच. म्हटलं, हे आमच्या धनगरांना अमेरिकेने सांगायला नको. भर पावसात घोंगडीची खोळ पांघरून ते मेंढरांमागे उभे असतात, ते काय उगाच?

वरचं इरलं

आतली ऊब झाली. आता वरून पाणी अडवायला हवं. लावणीच्या वेळी आपल्या बायका पाठीवर इरलं घेतात ना, तसं. फक्त हे इरलं सगळीकडून बंद हवं. त्यात तीन प्रकार.

पहिला वेट सूट. रबरासारख्या नियोप्रीनचा, अंगाला चिकटून बसणारा. यात पाणी आत येतं, पण त्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि तिथेच राहतो. स्वस्त, मजबूत, पण ओल्या अंगाने चार-पाच तास वाऱ्यात गळ धरून बसायचं तर कुडकुडायला होतं.

दुसरा वेडर्स. छातीपर्यंत येणारी, बुटासकट एकसंध वॉटरप्रूफ विजार. कयाकच्या बैठकीवर पाणी सतत खेळत असतं, त्यामुळे कंबरेखाली कोरडं राहायला ही उत्तम. पण होडी उलटली तर वरून पाणी शिरतं. त्याने माणूस दगडासारखा बुडतो हा गैरसमज आहे. पाण्यात असताना आतल्या पाण्याचं वजन जाणवत नाही. पण तेवढं पाणी घेऊन होडीत परत चढणं महाकठीण. म्हणून वेडर्स घातले तर कंबरेला आणि छातीला पट्टा घट्ट आवळलेलाच हवा.

तिसरा ड्राय सूट, लेकीने चढवला होता तो. मानेला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या, पायाला शिवलेले मोजे, वॉटरप्रूफ चेन. आत थेंब येत नाही; चांगल्या कापडाचा असेल तर घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण हा सूट स्वतः ऊब देत नाही. आत फ्लीस नसेल तर माणूस कोरडाच गारठेल! घातल्यावर खाली उकिडवं बसायचं, मानेची पट्टी बोटाने जरा उघडायची आणि आतली हवा फुस्सकन बाहेर काढायची. नाहीतर पाण्यात पडल्यावर फुगा होतो.

किंमत ऐकून मात्र माझे डोळे पांढरे झाले. साधारण सातशे ते हजार डॉलर, त्याहून महागही. रुपयांत साठ-सत्तर हजारांच्या पुढेच. ‘‘अगं, एवढ्यात अस्सल पैठणी आली असती!’’ मी म्हटलं. जावई शांतपणे म्हणाले, ‘‘आई, पैठणी पुढच्या वर्षी घेऊ. नेसायला ही असायला हवी ना.’’ यावर काय बोलणार?

बायकांची अडचण

एक गोष्ट मात्र कुणी मोकळेपणाने बोलत नाही. एवढं सगळं अंगावर चढवल्यावर लघवीला लागलं तर? पुरुषांच्या सूटला पुढे छोटी चेन असते. बाईने काय करायचं? लेक सांगत होती, सुरुवातीला ती पाणीच प्यायची नाही. मला एकदम आपला एस.टी.चा प्रवास आठवला. स्टँडवरची ती स्वच्छतागृहं नकोत म्हणून आपण सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. तिथे तर पाणी कमी पडलं की थकवा येतो, आणि थकलेला माणूस चुका करतो.

आता खास बायकांसाठी मागच्या बाजूने कंबरेखाली उघडणाऱ्या चेनचे सूट मिळतात. चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा, आणि बायकांच्या मापाचाच घ्यावा. पुरुषांचा लहान माप म्हणून घेतलेला सूट खांद्यात ढगळ आणि कमरेत आवळ होतो. मात्र एक धोका : काम झाल्यावर चेन लावायची राहिली, तर हजार डॉलरचा सूट म्हणजे भोकाची बादली.

उरलेल्या गोष्टी लहान, पण मोलाच्या. डोक्याला लोकरीची कानटोपी. बूट एवढे सैल की आत दोन मोजे मावतील. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गारठतात. हातमोजे नियोप्रीनचे, आणि एक कोरडी जोडी जादा, कारण मासा सोडवताना हात भिजणारच. गळ उघडे ठेवायचे नाहीत, सूटला भोक पाडतात. रंग भडक, केशरी किंवा पिवळा, लांबून दिसणारा. शिट्टी आणि फोन होडीत नव्हे, अंगावर. आणि लाइफ जॅकेट या सगळ्याच्या वर, सतत. पेनसिल्व्हेनियात तर १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाकमध्ये ते अंगावर असणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

ज्यांनी टाके घातले

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची होडी. ग्रीनलंड, कॅनडाचा बर्फाळ उत्तर भाग, तिथले पुरुष त्यातून सीलची शिकार करत. आणि त्यांचे कपडे शिवत त्यांच्या बायका. सीलचं कातडं, कधी सीलचं आतडं स्वच्छ करून, वाळवून, त्याच्या पट्ट्या जोडून त्या हलका वॉटरप्रूफ अंगरखा करत. धागा प्राण्याच्या कंडरेचा. भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. टाका तर असा, की सुई दुसऱ्या कातड्याच्या आरपार जाऊच द्यायची नाही, अर्ध्या जाडीतून वळवायची. म्हणजे पाणी शिरायला भोकच नाही!

मी शिवणकाम करते, म्हणून मला यातली अवघड जागा कळते. एक टाका ढिला पडला तर बाहेर गेलेला माणूस परत येणार नाही, हे माहीत असताना ती बाई दिव्याच्या उजेडात सुई चालवत असेल. आजच्या ड्राय सूटच्या शिवणीला आतून पट्टी चिकटवतात, ती त्याच भोकासाठी.

परत येण्याआधी लेकीने मला काठावर उभं केलं आणि ती मुद्दाम गळ्यापर्यंत पाण्यात उतरली. दर मोसमाच्या सुरुवातीला काठाजवळ अशी परीक्षा घ्यायचीच, असा तिचा नियम आहे. पाच मिनिटांनी बाहेर आली, सूट काढला. मी तिच्या आतल्या फ्लीसवरून हात फिरवला, काखेत, कंबरेत, पाठीवर. ती तान्ही असताना दुपटं ओलं झालंय का बघायचे, तसा. सगळं कोरडं होतं.

आता मी दापोलीत आहे. ती पाण्यावर निघण्याआधी फोन करते : कुठे जातेय, किती वाजता परतणार. पूर्वी मी विचारायचे, ‘‘डबा घेतलास का?’’ आता विचारते, ‘‘चेन लावलीस का?’’

‘‘लावली गं आई,’’ ती म्हणते. आणि परतल्याचा फोन येईपर्यंत मी सुईत दोरा ओवत बसते.