संगणकीय रुग्णनोंदी आणि लैंगिक संसर्गांवर देखरेख

लैंगिक संसर्गाचा रुग्ण उपचार घेऊन जातो. परंतु त्याची सूचना आरोग्य खात्यास न मिळाल्यास त्याचा जोडीदार अनभिज्ञ व उपचारावाचून राहण्याचा संभव असतो. क्लॅमिडिया व परमा म्हणजेच गनोरिया हे रोग स्त्रियांमध्ये पुष्कळदा लक्षणे न दाखविता बळावतात व पुढे वंध्यत्वास कारण होऊ शकतात.

यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एक उपाय योजण्यात आला. एका मोठ्या वैद्यकीय संस्थेच्या संगणकीय रुग्णनोंदींतील प्रयोगशाळेचे निष्कर्ष, निदान व औषधयोजना तपासून सूचनायोग्य रुग्ण आपोआप निवडणारी प्रणाली तेथे सुरू झाली. जून २००६ ते जुलै २००७ या काळात नेहमीच्या पद्धतीने क्लॅमिडियाचे ५४५ रुग्ण कळविले गेले होते. प्रणालीस ७५८ आढळले. परम्याच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ६२ व ९५ होते.

तथापि, जो तपासणीस येतो त्याचीच नोंद होते. आपले नाव गुप्त राहील, ही खात्री असल्याखेरीज कोणी येणार नाही. म्हणून अशा नोंदी केवळ अधिकृत व्यक्तींनीच पाहाव्यात आणि उपचार व रोगप्रतिबंध यांखेरीज अन्य कारणासाठी त्यांचा उपयोग होऊ नये.