घरच्या संगणकाचा जीर्णोद्धार

घराची एक भिंत ओली दिसली म्हणून कोणी शहाणा गृहस्थ सारें घर पाडावयास काढीत नाहीं. पाणी कोठून मुरतें तें तो आधीं शोधतो. परंतु हाच गृहस्थ घरांतील संगणक मंदावला कीं नवा आणण्याच्या गोष्टी बोलूं लागतो, किंवा कोणी सांगितलेला एखादा महागडा भाग आणून त्यांत बसवितो, आणि महिन्याभरानें पूर्वीचीच रड पुढें चालू राहते. सन २०२५ च्या उन्हाळ्यांत गडचांदुरास आमच्या घरीं हाच प्रसंग आला. बेताच्या पैशांत त्यांतून वाट कशी काढली, ती हकीकत वाचकांस उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

गडचांदूर हें चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यांतील गांव. एकीकडे माणिकगडाचे डोंगर, दुसरीकडे चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि धुळीला तर ऋतूच नाहीं. आमच्या घरांत माणसें अकरा व संगणक एक, तोहि २०१६ सालीं घेतलेला. सकाळीं वहिनी त्यावर महिला बचतगटाचे हिशेब करतात, दुपारीं पुतणीचा कॉलेजचा अभ्यास, सायंकाळीं पुतण्याचे खेळ व चित्रफिती, आणि रात्रीं नऊनंतर तो अण्णांचा. आमचे वडील अण्णा हे सेवानिवृत्त शिक्षक. जिवतीच्या पहाडावरील शाळांत नोकरी करीत असतां मुलांच्या तोंडून ऐकलेले गोंडी व कोलामी शब्द त्यांनीं वह्यांत टिपून ठेविले, आणि गेलीं चार वर्षें ते एका बोटानें ते संगणकांत उतरवीत होते. दोन हजारांवर शब्द झाले होते.

यंत्राची गति मात्र अशी कीं, कळ दाबून चहा करावयास जावें व चहा पिऊन परत यावें तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असावयाचें. अखेर एका रात्रीं जेवणानंतर सर्व मंडळी विचारास बसली. खर्चाची किल्ली आईच्या हातीं. तिनें पंधरा हजार रुपये काढून ठेविले व बजावलें, “एवढ्यांत काय तें बसवा. वर एक पैसा मिळायचा नाहीं.” वहिनींचें मत नवाच घ्यावा असें पडलें. पुतण्यास ग्राफिक्स कार्ड हवें होतें. अण्णा एवढेंच म्हणाले, “मला घाई नाहीं. माझे शब्द जाऊं नयेत इतकें पहा.” त्या वेळीं त्यांच्या बोलण्याकडे कोणाचें विशेष लक्ष गेलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

पैसा हातीं असतां आठ दिवस थांबणें कठीण. पण आम्हीं थांबलों. संगणकाच्या कोणत्या भागावर किती ताण आहे हें टास्क मॅनेजर नांवाच्या पानावर दिसतें. तें उघडून, जो बसेल त्यानें आपल्या कामाच्या वेळचे आंकडे एका वहीत लिहावे असा नियम केला. आठवड्याअंतीं वही बोलूं लागली. प्रोसेसर निम्म्याहून अधिक क्वचितच राबला होता. चार जीबीची रॅम जवळजवळ सदैव भरलेली होती. हार्डडिस्क तर तासन्‌तास शंभर टक्के गुंतलेली.

याचा अर्थ आईला स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगितला. प्रोसेसर म्हणजे रांधणारें माणूस, रॅम म्हणजे ओटा, आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा वीतभर असला तर प्रत्येक जिन्नसासाठीं कोठीकडे धांवावें लागतें. आणि कोठीचें दार कुरकुरत उघडणारें असेल तर दुसरा स्वयंपाकी ठेवूनहि पंगत वेळेवर बसत नाहीं. जुन्या हार्डडिस्कमध्यें तबकडी फिरते व एक दांडी माहिती शोधीत सरकते. दर शोधास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. एसएसडींत फिरणारें कांहींच नसल्यानें तेंच काम त्याच्याहि शंभराव्या भागांत होतें. म्हणून पहिला मान एसएसडीला व दुसरा रॅमला, हें निर्विवाद ठरलें.

तथापि भाग चांगला असून भागत नाहीं. तो आपल्या यंत्रांत बसला पाहिजे. आमच्या बोर्डावर साटा जोडणी होती, नव्या एनव्हीएमई जातीच्या डिस्कला जागाच नव्हती. तेव्हां अधिक वेगाचे अधिक पैसे देणें व्यर्थ होतें. रॅम डीडीआर-४ जातीची होती. डीडीआर-३ किंवा डीडीआर-५ ची खांच निराळ्या जागीं असते व ती मुळींच बसत नाहीं. दोन खांचांपैकीं एक रिकामी होती, म्हणून जुनी न काढतां आठ जीबीची भर घालतां येत होती. पुतण्याच्या कार्डाचाहि विचार आम्हीं मनापासून केला. परंतु त्याला वीज अधिक लागे. जुना वीजपुरवठा-पेटा, ज्याला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तो तें ओझें पेलण्याजोगा नव्हता. म्हणजे कार्डाबरोबर पेटा आला, आणि एवढें करूनहि ओटा वीतभरच राहिला! एका भागाची किंमत म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्या सर्व भागांची किंमत, हें त्याला वहीवरून आपोआप पटलें.

मे महिन्यांत आम्ही दोघे यादी घेऊन नागपुरास सीताबर्डीवर गेलों. एका दुकानदारानें यादी पाहून हंसून सांगितलें कीं, इतक्या जुन्या यंत्रावर खर्च करणें म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. पस्तीस हजारांत नवा न्यावा. आम्हीं उत्तर देण्यापूर्वीं पुतण्यानेंच वही उघडून त्याच्यापुढें धरली. खर्च असा झाला : ५०० जीबीची एसएसडी ३,२०० रुपये, रॅम १,९००, यूपीएस ३,४००, एक टीबीची बाहेरून जोडण्याची डिस्क ४,६००, कुंचला व उष्णतावाहक लेप २५०, आणि दोघांचें जाण्यायेण्याचें भाडें १,४००. एकूण १४,७५०. उरलेल्या अडीचशांची संत्रा बर्फी आईसाठीं घेतली. यूपीएस चैनीची वस्तु नव्हे. आमच्याकडे वळवाच्या वाऱ्यानें वीज क्षणांत जाते, आणि लिहिलेलें जतन करण्यास मिळालेलीं पांच-दहा मिनिटें हीच तिची कमाई.

खरी कसोटी घरीं आल्यावर लागली. जुन्या डिस्कवरील सर्व ऐवज नव्यावर उतरविण्यापूर्वीं अण्णांचा संग्रह तेवढा आधीं बाहेरच्या डिस्कवर काढूं असें पुतणीनें सुचविलें, आणि तें सुचविलें म्हणूनच आज हा लेख आनंदानें लिहितां येत आहे. नक्कल निम्म्यावर अडली. डिस्कमधून टिक्‌टिक्‌ असा आवाज येऊं लागला. तपासणींत तिचे अनेक भाग वाचण्यापलीकडे गेलेले निघाले. मंदपणा हा नुसत्या म्हातारपणाचा नव्हता, तो दुखण्याचा होता! रात्रीं हवा थोडी निवल्यावर थांबत थांबत पुन्हां प्रयत्न केला. पहांटेपर्यंत संग्रह हातीं आला. मात्र शेवटच्या तीन आठवड्यांचें काम गेलें. अण्णांनीं एक अक्षरहि न बोलतां कपाटांतून वह्या काढल्या व ते शब्द पहिल्यापासून टंकावयास बसले. कागद होता म्हणून निभावलें. आणखी महिनाभर जर आम्ही कार्डाच्या वादांत घालविला असता, तर काय झालें असतें याची कल्पनाहि करवत नाहीं.

मग पेटी उघडली. पंख्यावर सिमेंटच्या धुळीचा राखाडी थर बसला होता. वीज तोडून, अंगणांत नेऊन कुंचल्यानें ती झाडली, प्रोसेसरवरील वाळलेला लेप पुसून नवा लावला. या दोनशें पन्नास रुपयांच्या कामानें यंत्राचा घोंघावणारा आवाज थांबला. आतां संगणक पाऊण मिनिटांत सुरू होतो. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली, आणि विंडोज ११ ला इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य असल्यानें आमचा सहाव्या पिढीचा बाहेर राहिला. तेव्हां पुतण्यानें विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घातली. तींत मराठी उत्तम लिहितां येतें.

वर दिलेले भाव मे २०२५ चे आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांकडे स्मृति-चिप्स वळल्यामुळें रॅमचे भाव फार चढले. म्हणून वाचकांनीं आंकडे न घेतां रीत घ्यावी.

आणि ही रीत महाराष्ट्रास नवी नाहीं. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. आमच्याच विदर्भांतील, अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यांतील ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर बाजारांत मिळणारेच होते. कर्तृत्व होतें तें योग्य भाग निवडून त्यांची जुळणी करण्यांत. आमच्या ओसरीवरच्या उद्योगाची त्याच्याशीं बरोबरी सांगण्याचा मानस नाहीं. पण काय हवें तें ओळखून, आहे त्याशीं जुळेल तेंच आणावें, हा धडा दोहोंकडे एकच.

खरेदीस निघणाऱ्यानें म्हणून मनाशीं विचारावें : अडतें कोठें? बसेल काय? त्याच्या मागून आणखी काय आणावें लागेल? आणि या सर्वांच्या आधीं, यंत्रांत असें काय आहे जें कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं? हा शेवटचा प्रश्न अण्णांनीं पहिल्याच रात्रीं विचारला होता. आतां दर महिन्याच्या एक तारखेस पुतणी सर्व संग्रह बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेते, आणि मग ती डिस्क आईच्या लोखंडी कपाटांत, दागिन्यांच्या डब्याशेजारीं, कुलुपांत जाते.