मोंबासा ते मुरूड

दिवाळी आली, की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे फराळाच्या डब्यांना कुलूप लावण्याची धमकी, आणि दुसरी म्हणजे सहलीचा बेत. पहिली कधी अमलात येत नाही आणि दुसरी सहसा पंढरपूर-अक्कलकोटच्या पुढे जात नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या कन्येने एकदम समुद्रच ओलांडला. "बाबा, यंदा मोंबासा!"

मी नांदेडला मराठी शिकवतो. समुद्र आमच्या वाट्याला येतो तो बहुधा कवितेतून. पण 'स्वाहिली' हा शब्द ऐकून माझे कान टवकारले. तो मूळचा अरबी, अर्थ 'किनाऱ्यावरचे'. सोमालियापासून मोझांबिकपर्यंतच्या त्या किनारपट्टीवर आपल्याकडची गलबते शतकानुशतके जात असत. नोव्हेंबरपासूनच्या ईशान्य वाऱ्यावर जायचे आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परतायचे. ज्या वाऱ्याकडे आम्ही पेरणीसाठी डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्यावर तिकडची व्यापारी माणसे घरची वाट धरीत!

माल गेला तसे शब्दही गेले-आले. स्वाहिलीत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', हिशेबाला 'हेसाबू' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात. हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितले. लातूरहून दिवाळीला आलेली आई शांतपणे म्हणाली, "मग हेसाबू किती लाकीचा झाला?"

हेसाबू खरोखरच लाकींत गेला. तरीही सौभाग्यवतींनी बचतीचे पासबुक बाहेर काढले, हे विशेष. मग वेळापत्रक मांडले. सकाळी मोंबाशाच्या किनाऱ्यावर पोहायचे. १५९३ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला फोर्ट जीझस पाहायचा. आणि मग त्सावोच्या अभयारण्यात जायचे. तिथली माती तांबडी आणि ती अंगावर उडवून घेणारे हत्तीही तांबडे! २०१७ पासून मोंबासा ते नैरोबी अशी नवी आगगाडी धावते, ती त्सावोतूनच जाते.

परंतु वाचकहो, आफ्रिकेचे पंचांग आणि आमच्या विद्यापीठाचे पंचांग यांचे जमेना. आम्हांला मे महिन्यात सुटी, तर त्या किनाऱ्यावर मार्च ते मे मुसळधार पाऊस. आम्हांला दिवाळीची सुटी, तर तिकडे त्यांचा लहान पावसाळा. जून ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि प्राणी पाहण्यास उत्तम. पण त्या दिवसांत मी वर्गात आणि मुले परीक्षेच्या धास्तीत.

यातूनही वाट निघाली असती. खरी अडचण निघाली ती लशीची. केनियातून परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, आणि ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल, तर इकडे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यांची वये विचारली आणि आईच्या वयापाशी थांबले. साठीनंतर प्रथमच ही लस घेताना धोका वाढतो, आजींच्या बाबतीत मी सल्ला देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

घरी शांतता पसरली. "मी राहते लातूरला. तुम्ही जावा की," आई म्हणाली. तेवढ्यात धाकट्याने विचारले, "आजी, तू समुद्र पाहिलाच नाहीस का?" तिने नुसती मान हलवली.

मला २०१६ चा उन्हाळा आठवला. मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस. आईने तेव्हा घागरींची रांग सांभाळली होती आणि डाळ धुतलेले पाणी तुळशीला घातले होते. जिने पाणी वाटीने मोजले, तिला मागे ठेवून आम्ही हिंदी महासागर पाहायला निघालो होतो! त्या रात्री पासबुक परत कपाटात गेले. कन्येचा चेहरा पडला, हे मी लपवणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी तिनेच नकाशा पुढे टाकला. "किनारा हवा, जंगल हवे आणि आफ्रिकाही हवी ना? मग मुरूड!"

"मुरूडला?" आई चकित झाली. "तिथं कुठला आलाय समुद्र? तिथं तर आपले पाव्हणे राहतात!" लातूरकरांचे मुरूड शेजारीच. हे मुरूड रायगड जिल्ह्यातले, हे तिला पटवताना पुरेवाट झाली.

कन्येचे म्हणणे मात्र बिनतोड होते. आफ्रिकी वंशाच्या शिद्द्यांनी जंजिरा १९४८ पर्यंत राखला. जवळच्या फणसाड अभयारण्याचे रान ही त्या नवाबांची शिकारीची जागा; १९८६ साली ते अभयारण्य झाले. आणि आफ्रिका आम्हांला परकी तरी कुठे? हबशी गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने १६१० साली आमच्या मराठवाड्यातच खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

जानेवारीत सुट्या जोडून निघालो. मुंबईपर्यंत आगगाडी, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोट, पुढे मोटार. फणसाडमध्ये शेकरू दिसले. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर झेपावणारी ती तांबूस खार पाहून धाकटा हत्ती विसरला. बिबट्या दिसला नाही. "त्याला आपण दिसलो असू," असे सौभाग्यवती म्हणाल्या, तेव्हा आम्ही जरा भरभर चालू लागलो.

समुद्रापाशी आई बराच वेळ उभी राहिली. मग वाकून तिने ओंजळ भरली, जिभेला लावली आणि तोंड वाकडे केले. "एवढं पाणी दिसायलंय, अन् घोटभर पिता येईना!"

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलो. दोघांनी दोन्ही हात धरून तिला वर घेतले. मी मुलांना कलाल बांगडी तोफेचा इतिहास सांगत होतो. आईचे लक्ष नव्हते. "ह्या लोकांनी पाणी कुठलं प्यालं?" एवढेच ती विचारत राहिली. शेवटी आम्ही तिला किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या तलावापाशी नेले. चहूकडे खारा दर्या आणि मध्ये हा तलाव. ती काठावरच्या दगडावर बसली. होडीवाला हाका मारू लागला, तरी उठेना.

तेव्हा सहलीचा बेत करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: नकाशा उघडण्याआधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाशेजारी जरा बसा. मोंबासा कुठे जात नाही. आमचे पासबुक कपाटात आहे, कन्या त्यात भर घालते आहे. एखाद्या जुलैत जाऊही.

आई मात्र लातूरला शेजारणींना सांगते, "समुद्र चांगलाच हाय, पण तिथला तलाव बघायसारखा!"