सनद नसलेला पेशा
(प्रयोगशाळेतून बाजारात – भाग ७)

वकिलाला सनद लागते, औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो, वायरमनलाही परवाना लागतो. मग सरकारी पैशातून झालेलं संशोधन कुठल्या कंपनीला, किती वर्षांसाठी, काय अटींवर द्यायचं याची बोलणी करणाऱ्या माणसाला काय लागतं? हा पेशा कायद्याने आखून देणाऱ्या अमेरिकेतही याचं उत्तर एका शब्दात देता येतं: काहीच नाही.

मागच्या भागात आपण १९८० चा स्टीव्हनसन-वायडलर कायदा आणि १९८६ ची त्यातली दुरुस्ती पाहिली. ज्या केंद्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, अभियंते आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांची २०० किंवा त्याहून जास्त पदं आहेत, तिथे तंत्रज्ञान हस्तांतरणासाठी किमान एक पूर्णवेळ पद हवं, असं हा कायदा सांगतो. त्या पदावरचा माणूस कर्तबगार असावा अशी अपेक्षाही त्यात आहे. पण त्याने काय शिकलेलं असावं, याबद्दल कायदा गप्प आहे. त्यामुळे या खुर्चीत कधी प्रयोगशाळेतल्या बाकाला कंटाळलेला रसायनशास्त्रज्ञ येऊन बसतो, कधी करारमदार बघणारा अधिकारी, तर कधी उद्योगातून आलेला विक्रीचा माणूस. शेजारच्या खोलीतल्या पेटंट वकिलाकडे मात्र परीक्षा देऊन मिळवलेला नोंदणी क्रमांक असतो.

ही पोकळी पेशातल्या लोकांनीच भरायला घेतली. परवाना व्यवहारातल्या व्यावसायिकांच्या अमेरिका-कॅनडातील संघटनेने २००८ मध्ये ‘सर्टिफाइड लायसेन्सिंग प्रोफेशनल’, म्हणजे सीएलपी, सुरू केलं. त्यासाठी परवाना व्यवहारातला अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि ठरावीक काळाने नूतनीकरणही करावं लागतं. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, अमेरिका, युरोप, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या संघटनांनी मिळून एक आघाडी उभी केली. तिची ‘रजिस्टर्ड टेक्नॉलॉजी ट्रान्सफर प्रोफेशनल’, म्हणजे आरटीटीपी, ही मान्यता वेगळ्या वाटेने जाते. इथे भर परीक्षेवर नाही. तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत, कुठला करार कसा मार्गी लावलात, अडचण आली तेव्हा कुठला निर्णय घेतलात, हे लिहून द्यायचं आणि पेशातल्याच अनुभवी मंडळींनी ते पारखायचं. मला ही रीत जास्त पटते. वाटाघाट हा चार पर्यायांतून एक निवडण्याचा खेळ नाही.

तरीही सरकारी माणसाला या दोन्ही मान्यता थोड्या सैल बसतात. त्या मुख्यतः उद्योग आणि विद्यापीठं डोळ्यांपुढे ठेवून घडल्या आहेत. सरकारी टेबलावर वेगळेच खाचखळगे असतात. संयुक्त संशोधनाच्या करारात, ज्याला तिथले लोक ‘क्राडा’ म्हणतात, प्रयोगशाळा आपली माणसं, यंत्रं, जागा देऊ शकते. समोरच्या कंपनीला रोख रक्कम मात्र देऊ शकत नाही. सरकारी मालकीच्या पेटंटचा एकाच कंपनीला परवाना द्यायचा, तर साधारणपणे आधी जाहीर सूचना काढून हरकतींसाठी निदान १५ दिवस थांबावं लागतं. खासगी कंपनीतून आलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. तिथे अशा वाटाघाटी बंद दाराआड चालतात.

सॉफ्टवेअरची गोष्ट तर आणखी गमतीची. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमवर त्या देशात सहसा कॉपीराइटच नसतो. पण मालकी सरकारची आणि कारभार कंत्राटदाराकडे अशी प्रयोगशाळा असेल, तर तिथले शास्त्रज्ञ सरकारी नोकर नसतात आणि हिशोबच बदलतो. म्हणजे तसाच प्रोग्रॅम, पण पगार कोण देतो यावरून परवान्याची भाषा वेगळी. रॉयल्टीचंही तसंच. दरवर्षीच्या रॉयल्टीतले पहिले २,००० डॉलर आणि त्यापुढच्या रकमेतले किमान १५ टक्के संशोधकाला द्यावे लागतात. पण एका माणसाला वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर द्यायचे तर राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागते! बौद्धिक संपदेच्या सर्वसाधारण पुस्तकात हे धडे सहसा नसतात.

ते शिकवण्याचं काम ‘फेडरल लॅबोरेटरी कन्सॉर्टियम’ करतं. १९७४ पासून अनौपचारिकपणे चाललेल्या या मंडळाला १९८६ च्या कायद्याने अधिकृत रूप दिलं आणि आज ३०० हून अधिक प्रयोगशाळा त्यात आहेत. नवख्यांसाठी प्राथमिक वर्ग आणि मुरलेल्यांसाठी पुढचे वर्ग ते घेतं. माझ्या मते सरकारी कार्यालयाने नेमणूक करताना नावापुढच्या अक्षरांआधी उमेदवाराने हे वर्ग केलेत का आणि एखादा क्राडा आरंभापासून सहीपर्यंत नेलाय का, एवढंच विचारावं. अक्षरं नंतर मिळवता येतात.

आपल्याकडे काय? भारतात पेटंट एजंट होण्याची वाट १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम १२६ ने आखलेली आहे: भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण, विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि परीक्षा. त्यामुळे ‘परीक्षा पास आहे ना, मग तंत्रज्ञानही हाच विकेल’ असा समज सहज होतो. अर्ज लिहिणं आणि सौदा जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चांगला मसुदा लिहिणारा माणूस कंपनीपुढे बसला की अवघडतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. राष्ट्रीय संशोधन विकास निगम १९५३ पासून हे सौदे जुळवतो आहे, पुण्यात एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्येही हस्तांतरणाचं काम चालतं आणि आरटीटीपी मिळवलेली माणसं आता भारतातही आहेत. मात्र सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाच्या बौद्धिक संपदेसाठी २००८ मध्ये राज्यसभेत मांडलेलं विधेयक पुढे मागे घेतलं गेलं. पेटंट एजंटला सनद आहे, त्याने लिहिलेलं पेटंट बाजारात नेणाऱ्याला अजून नाही.

पुढच्या आठवड्यात त्या १५ दिवसांच्या सूचनेत नेमकं काय छापतात आणि हरकत आली तर पुढे काय होतं, ते पाहू.