छातीवर कोण बसतं?

‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ ही दहा भागांची मालिका २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा प्रेक्षकांना एक नवाच नाद लागला. प्रसंग मध्येच थांबवायचा आणि मागच्या अंधारात, दाराआड, जिन्याखाली दडवलेली भुतं शोधायची. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ च्या कादंबरीवरून दिग्दर्शक माईक फ्लॅनगन यांनी ही मालिका बेतली, पण कथा बरीचशी नव्याने रचली. झपाटलेल्या वाड्यात बालपण गेलेली पाच भावंडं मोठी होतात, पण वाडा काही त्यांचा पिच्छा सोडत नाही.

या पाचांतली धाकटी नेल. लहानपणापासून तिला रात्री मान मोडलेली एक बाई दिसते. नेल जागी असते, डोळे उघडे असतात, पण हात हलत नाही आणि तोंडातून आवाज फुटत नाही. मोठेपणी तिला याचं वैद्यकीय नाव कळतं: स्लीप पॅरालिसिस, म्हणजे निद्रा-पक्षाघात. तिला ते समजावून सांगणारा आर्थर हा झोपेच्या तपासण्या करणारा तंत्रज्ञ असतो, आणि पुढे तोच तिचा नवरा होतो. भयकथेत असं पात्र विरळाच.

आर्थरचं शास्त्र बरोबरच आहे. स्वप्नं प्रामुख्याने पडतात त्या ‘रेम’ झोपेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू जवळजवळ बंद करून टाकतो. स्वप्नात धावताना खरोखर पाय झाडले जाऊ नयेत, यासाठी ही सोय. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. कधीकधी मात्र जाग येते आणि ही टाळेबंदी उठायची राहून जाते. माणूस शुद्धीवर असतो, खोली ओळखीची दिसते, पण बोटही हलवता येत नाही. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं. ते त्याच खोलीत उतरतं. दारापाशी कोणीतरी उभं आहे, पावलं वाजताहेत, कोणी छातीवर बसून गळा आवळतंय असं वाटतं. छातीवरच्या त्या भाराचं एक कारण असं की बरगड्यांचे स्नायू ढिले पडलेले असतात. दीर्घ श्वास घ्यायला जावं तर घेता येत नाही. श्वास चालूच असतो, पण घाबरलेल्या माणसाला तो बंद पडल्यासारखा वाटतो. हा प्रकार काही सेकंद, फार तर काही मिनिटं टिकतो आणि आपोआप सुटतो.

हे घडतं त्यांची संख्या लहान नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना, तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचं त्यात दिसलं. जागरणं, वेळी-अवेळी झोप, रात्रपाळी, ताण आणि उताणं झोपणं यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. परीक्षेच्या दिवसांतलं वसतिगृह डोळ्यांसमोर आणलं तर विद्यार्थ्यांच्या आकड्याचं नवल वाटणार नाही.

अनुभव एकच, पण छातीवर बसणारा मात्र गावागणिक बदलतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये ती म्हातारी चेटकीण असते, इजिप्तमध्ये जिन्न. जपानीत याला ‘कानाशिबारी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. आपल्याकडे ‘भुतानं दाबलं’ म्हणतात, आणि पुढचा रस्ता डॉक्टरांऐवजी उतारा टाकणाऱ्याकडे वळतो. हे निव्वळ अज्ञान म्हणून हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली तेव्हा इजिप्तमध्ये भीती जास्त आढळली; यातून जीव जाईल असं वाटणारेही तिथे अधिक होते. अशी भीती झोप उडवते आणि अपुऱ्या झोपेमुळे झटके वाढू शकतात.

मालिकेची खरी पकड इथे आहे. तिला भूत खरं ठेवणं भागच होतं. नाहीतर दहा भाग कशाचे? त्यामुळे आर्थरचं शास्त्र तिथे अपुरं पडतं. पण भुताहून जास्त बोचतं ते घरच्यांचं वागणं. थोरला भाऊ स्टीव्हन भुतांवर पुस्तकं लिहून नाव कमावतो, पण भावंडांच्या अनुभवांना मात्र तो आजार ठरवतो. नेल शेवटच्या दिवसांत घरच्यांना फोन करते, तेव्हा तिचं कोणी नीट ऐकून घेत नाही. ‘तुला भास होतात’ आणि ‘तुला बाधा झालीय’ ही वाक्यं उलट टोकांची, पण दोन्ही ऐकणारा पुढे बोलायचाच थांबतो.

घरातलं कोणी असं काही सांगू लागलं, तर आधी पूर्ण ऐकून घ्यावं. मग हा प्रकार ओळखीचा आहे आणि एरवी निरोगी माणसाला सहसा धोक्याचा नसतो, हे सांगावं. अनेकांची भीती तेवढ्यानेच निम्मी होते. रोज ठरलेल्या वेळी पुरेशी झोप, कुशीवर झोपणं आणि रात्री मद्य टाळणं उपयोगी पडतं. झटका आलाच तर सगळं अंग हलवण्याची झटापट न करता श्वास संथ ठेवावा. पायाचं किंवा हाताचं एखादं बोट हलवण्यावर लक्ष दिल्याने लवकर सुटका होते, असं काहीजण सांगतात.

झटके वारंवार येत असतील, किंवा झोपायचीच धास्ती बसली असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. दिवसा अनावर झोप येणं आणि खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ एकाएकी जाणं ही नार्कोलेप्सीची लक्षणं असू शकतात. त्यासाठी रात्रभर झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी डुलक्यांची चाचणी करतात. डोक्याला तारा चिकटवून पलीकडच्या खोलीत पडद्यावर रात्रभर नजर ठेवणारा तंत्रज्ञ असतो. मालिकेतला आर्थर हेच काम करत असे.