कापडी पिशवीचं पुण्य

कापडी पिशवी हातात आली की पर्यावरण राखलं गेलं, हा समज जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या बाजारपेठेपासून पुण्याच्या मॉलपर्यंत पक्का रुजला आहे. म्हणून सत्कारात, लग्नात, प्रचारात नावं छापलेल्या नव्याकोऱ्या पिशव्या वाटल्या जातात आणि वाटणाऱ्याला पुण्य लागतं. निव्वळ भ्रम आहे हा! महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी लागू झाली, ते योग्यच झालं. पण कोणत्याही वस्तूचा निसर्गावरचा भार कापूस पेरल्यापासून चिंधी होईपर्यंत मोजावा लागतो. एक किलो सुती कापडामागे पावसाचं पाणी धरून जगात सरासरी दहा हजार लिटर पाणी लागतं, असं ‘वॉटर फूटप्रिंट नेटवर्क’ सांगतं. जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात तरी हा आकडा नजरेआड करू नये. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018च्या अभ्यासानुसार, हवामानबदलापुरतं पाहिलं तरी प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला साधी सुती पिशवी 52 वेळा वापरावी लागते. आठवड्याला एक बाजार धरा. झालं एक वर्ष. घरात अशा दहा पिशव्या खुंटीला लटकत असतील, तर करा हिशोब.

यावर प्लॅस्टिकवाले त्याच अभ्यासातला 7,100 हा आकडा पुढे करतात. तो ओझोन थराच्या एका निकषावरून आलेला आहे, हे मात्र सांगत नाहीत. शिवाय उघड्यावर पडणारा कचरा त्या अभ्यासात धरलेलाच नाही. डेन्मार्कमध्ये पिशवी शेवटी बहुधा भट्टीत जळते. आपल्याकडे ती ओढ्यात अडकते, नाहीतर गाईच्या पोटात जाते. तेव्हा प्लॅस्टिकला सुटका नाहीच. मुद्दा पिशवीच्या घडणीचा आहे. पिशवी सहसा कापडात फाटत नाही, बंदाच्या टाक्यात उसवते. तिथे दुहेरी शिलाई आणि ठिगळ दिलं की आयुष्य वाढतं. जुन्या लुगड्याची पिशवी तर सर्वांत उत्तम, कारण त्या कापसाचा भार लुगड्याने आधीच फेडलेला असतो. खताच्या रिकाम्या गोणीची शिवलेली पिशवीदेखील, प्लॅस्टिकची असूनही, नव्या छापील सुती पिशवीपेक्षा सहसा सरस ठरेल. पटायला जड आहे, पण हिशोब तसाच आहे.

दुकानदार ‘कापडी’ म्हणून देतात ती नॉनवोव्हन पिशवी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. कागदी पिशवीही ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2011च्या अहवालानुसार प्लॅस्टिकशी बरोबरी साधायला निदान तीनदा वापरावी लागते. ‘कंपोस्टेबल’ पिशवी खतप्रकल्पातल्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजते. उकिरड्यावर तिचा भरवसा धरू नये. आणि जुनी वस्तू वापरत राहणं नेहमीच चांगलं, हेही खरं नाही. पाण्याच्या मोटारीचा बहुतेक भार ती घडवण्यात नसून आयुष्यभर खाल्लेल्या विजेत असतो. पुन्हा पुन्हा जळून, कशीबशी भरून आणलेली मोटार तेवढ्याच पाण्याला जास्त वीज ओढत असेल, तर तिथे नवी, चांगल्या स्टार मानांकनाची मोटार घेण्यातच शहाणपण आहे.